डाव्या काचेचा अर्थ

आमच्या मिस्तरींच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. बोलण्यातला एक शब्द तेवढा मागे राहिला. अर्थ.

लोकांना वाटतं माणूस विरक्त झाला. राहू गावचे एक मास्तर हेडलाइट दाखवायला आले होते. बाकड्यावर बसून त्यांनी विचारलं, "काय मच्छिंद्रराव, कसं वाटतंय आता?" मिस्तरींनी त्यांच्याकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "अर्थ." मास्तरांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. जाताना मला हळूच म्हणाले, "फार मोठं बोलून गेले हो."

"मास्तर," मी म्हटलं, "वायरिंगवाले हायेत ते. अर्थ म्हंजी अर्थिंग. बॅटरीची काळी वायर."

मास्तरांना ते आवडलं नाही. त्यांना पहिला अर्थच बरा वाटला होता.

न्हावऱ्यात चौफुल्याच्या रस्त्याला आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांचे मागचे दिवे, एरवी कांद्याच्या पिकअपचे हॉर्न, वायपर, सेल्फ. मिस्तरी काम करायचे आणि मी डबा घेऊन यायची. पोरगी शाळेत, घरी करायचं काय, म्हणून मी तिथंच थांबायला लागले. थांबले म्हणून हातात टेस्ट लॅम्प आला. एक बल्ब आणि त्याला दोन वायरी, बस. मिस्तरी गाडीखालून ओरडायचे, "अर्थ बघ! अगं, अर्थ मिळतोय का?" मी बघायची. शिकवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, ओरडणं होतं. त्या ओरडण्यातून जेवढं शिकता आलं तेवढं मी शिकले.

करंट बॅटरीच्या प्लसमधून निघतो, बल्ब पेटवतो नाहीतर मोटर फिरवतो, आणि गाडीच्या लोखंडातून परत बॅटरीत जातो. त्या परतीच्या वाटेला आम्ही अर्थ म्हणतो. ती वाट तुटली की बॅटरी नवी असो, मोटर नवी असो, काही हलत नाही. जुन्या गाडीची निम्मी दुखणी अर्थाचीच असतात. म्हणून हा शब्द त्यांच्या तोंडात दिवसभर असायचा. डोक्यातलं बाकीचं सगळं पुसलं गेलं तेव्हा हाच राहिला, त्यात नवल नाही. माझं नाव त्यांनी उभ्या जन्मात फारसं घेतलं नव्हतं, तर ते राहणार कुठून?

कुणी "जयभीम मिस्तरी" म्हटलं की ते डावा हात कपाळाकडे नेतात आणि म्हणतात, "अर्थ." चहा देऊ का? अर्थ. दुखतंय का कुठं? अर्थ. लघवीला जायचंय? अर्थ. मग मी तोंडाकडे बघून काय ते ठरवते. कधी बरोबर येतं, कधी अंथरूण धुवावं लागतं.

आता दुकान मीच चालवते. दर गुरुवारी त्यांना दौंडला व्यायामाच्या मॅडमकडे न्यायचं असतं. रश्मी, आमची मुलगी, शिरूरला असते, एका कंपनीत कामाला आहे. गुरुवारी तिला सुट्टी. वडलांना न्यायला-आणायला म्हणून तिनं कंपनीतल्याच कुणाकडून एक जुनी गाडी घेतली. रंग उडालेली, पण काचा बटणावर वर-खाली होणाऱ्या. त्याचं तिला फार कौतुक.

सुरुवातीलाच मॅडमनी मला बाजूला घेतलं होतं. तरुण आहे बाई, पण बोलते नीट. म्हणाली, "काकू, हात-पाय हलवत राहू, होईल तेवढं होईल. बोलण्याचे व्यायाम मात्र त्यांना समजत असेल तरच उपयोगाचे. नाहीतर त्यांची नुसती ओढाताण होते. त्यांना आतून समजतंय, अशी एखादी खूण तुम्हाला दिसते का? काहीही, छोटीशी."

मी काच सांगितली.

गाडीत मिस्तरी पुढे डाव्या सीटवर बसतात. त्यांचा चालणारा हात दाराच्या बाजूला येतो, आणि दारावर काचेचं बटण आहे. मी त्यांच्या मागच्या सीटवर असते, वळणावर ते कलंडतात म्हणून खांद्याला धरायला. पहिल्याच फेरीला भीमेचा पूल ओलांडला आणि पुढे उसाची ट्रॉली लागली. रस्त्याचं काम चाललेलं, धुळीचा लोट उठला. मिस्तरींचं बोट बटणावर गेलं आणि काच सरसर वर गेली.

मी मागून ओरडले, "रश्मे, बघ! धूळ आली तशी काच घेतली त्यांनी! बघितलं का?"

"हो आई," रश्मी म्हणाली.

धूळ सरली, काच खाली आली. केडगावच्या अलीकडे गुऱ्हाळाचा काळा धूर रस्त्यावर आला, काच वर. मी त्या दिवशी दौंडपर्यंत नुसती रडत होते. तोंड नाही, हात नाही, पण आत माणूस जागा होता. धूळ कळत होती, धूर कळत होता, आपण काय करायचं तेही कळत होतं. पुढच्या गुरुवारीही तसंच, त्याच्या पुढच्याही. कधी काच उशिरा जायची, तेव्हा मी म्हणायची, "आज दमलेत."

मॅडम म्हणाल्या, "काकू, ही चांगली खूण आहे." आणि बोलण्याचे व्यायाम सुरू झाले. मॅडम चित्रं दाखवायच्या. गाय. अर्थ. घर. अर्थ. केळं. अर्थ. मॅडमचा धीर मोठा. मी शेजारी बसून मनात म्हणायची, म्हणू द्या काय म्हणायचंय ते, आमची काच वर जाते.

आणि मग ती काच गेली.

दौंडहून परत येत होतो. चौफुला मागे टाकला असेल-नसेल, रश्मी म्हणाली, "आई, पप्पांची काच गेली वाटतं." काच पूर्ण खाली अडकलेली. मिस्तरी बोट दाबत होते आणि काही होत नव्हतं. पुढे ओळीनं ट्रॉल्या. मी मागून त्यांच्या तोंडावर पदर धरला, तो वाऱ्यानं उडायचा. न्हावऱ्यात उतरवलं तेव्हा पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखे दिसत होते. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या.

"मी शिरूरला दाखवते कुणाला तरी," रश्मी म्हणाली.

"वायरिंगवाल्याची पोर, आन् शिरूरला दाखवणार? लोक शेण घालतील तोंडात. ठिव गाडी हितंच."

"मग एक कर. काच वर चढव आणि तशीच बंद ठेव. एसी लावत जाऊ."

"चालतो का एसी तुझा?"

"नाही."

"मग?"

ती हसली नाही. बॅग घेऊन एसटीला गेली. दोनदा मागे वळून बघितलं तिनं, मला वाटलं वडलांकडे बघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी दुकानासमोर घेतली आणि मिस्तरींची खुर्ची बरोबर डाव्या दारासमोर मांडली. शेजारच्या दत्ताचं पंक्चरचं दुकान आहे. मला वहिनी म्हणतो आणि माझ्या कामात स्वतःच्या कामापेक्षा जास्त लक्ष घालतो.

"मिस्तरी," मी त्यांच्यापुढं वाकून विचारलं, "काच चालंना. काय झालं आसंल?"

त्यांनी दाराकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "अर्थ."

"झालं निदान," दत्ता टायर आपटत म्हणाला. "वहिनी, काल माझ्या म्हशीनं दूध आटवलं, तवा बी हेच म्हणाले."

"तू तुझं टायर बघ."

"न्हाई, म्हंजी औषध काय द्यायचं ते विचारा की."

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. फ्यूज बघितला, चांगला. डाव्या दाराचं पॅड खोललं, काचेच्या मोटरला सरळ बॅटरी जोडून बघितली. काच वर गेली, खाली आली. मोटर ठणठणीत. म्हणजे दुखणं वायरीत. मग मी टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला जोडलं आणि दुसरं मोटरकडे येणाऱ्या दोन वायरींना एकेक करून लावलं; अर्थ असला की बल्ब पेटतो. या गाड्यांत बटण दाबलेलं नसतं तेव्हा दोन्ही वायरींना अर्थ मिळायला पाहिजे. एका वायरीवर बल्ब पेटला. दुसरीवर नाही.

मी परत लावला. नाही पेटला.

अर्थ नव्हता. मिस्तरी बरोबर बोलले होते.

दत्ताला हाक मारावी असं वाटलं, पण म्हटलं आधी तुटलं कुठं ते सापडू दे. आता, डाव्या काचेची परतीची वाट डाव्या दारातून सरळ लोखंडात जात नाही. आधी ती ड्रायव्हरच्या दारात जाते. ड्रायव्हरच्या दारात सगळ्या काचांची बटणं असतात ना, चारही, तिथं मेन स्विच. डाव्या काचेला अर्थ मिळतो तो त्या मेन स्विचमधून, म्हणजे रश्मीच्या दारातून. आणि दार आणि बॉडीच्या मध्ये एक रबरी नळी असते, तिच्यातून या सगळ्या वायरी जातात. दार उघडा, लावा, उघडा, लावा. वायरी रोज तिथंच वाकतात आणि जुन्या गाडीत तिथंच तुटतात.

मी नळी मागे सरकवली. एकेक वायर बोटांनी ताणून बघितली. वरून सगळ्या शाबूत. एक मात्र ताणल्यावर रबरासारखी लांब झाली. वरचं साल धड, आतलं तांबं तुटलेलं. साल सोललं तर तांब्याचं टोक लखलखीत, कालपरवा तुटल्यासारखं. मी जोड दिला, सोल्डर मारलं, टेप गुंडाळली. चावी फिरवली, रश्मीच्या सीटवर बसून तिच्या दारातलं डाव्या काचेचं बटण उचललं.

काच वर गेली.

"दत्ता!" मी एवढ्यानं ओरडले की तो हातातला जॅक टाकून धावला. त्याला वाटलं मिस्तरी पडले. "अरे अर्थच होता! अर्थच तुटला होता! त्यांनी सांगितलं तेच निघालं!"

दत्ता खुर्चीपुढं उकिडवा बसला. त्याचे डोळे भरून आले होते, मी खोटं नाही सांगत. "मिस्तरी," तो म्हणाला, "चुकलं माझं. आता म्हशीचं बी खरं सांगा." मग स्वतःच्या दुकानातून चहा घेऊन आला, आणि वर बिस्किटाचा पुडा. दत्ता पुडा फोडतो म्हणजे मोठी गोष्ट.

मी रश्मीला फोन केला. ती कामावर होती, मागे मशीनचा आवाज. मी धापा टाकत सगळं सांगितलं. पलीकडून नुसता मशीनचाच आवाज.

"ऐकतेस ना? पप्पांनी फॉल्ट सांगितला, रश्मे. बसल्या जागेवरनं."

"छान झालं आई," ती म्हणाली. मग घाईघाईनं, "आता पॅड लावून टाक. बाकी काही उघडू नको. संध्याकाळी येते मी गाडी न्यायला."

मला तिचा राग आला. एवढी मोठी गोष्ट, आणि ही पॅडचं बोलते.

मग पॅड लावून मी आणि दत्तानं मिस्तरींना उचलून गाडीत बसवलं, त्यांच्या जागेवर. मला बघायचं होतं. स्वतः सांगितलेल्या दुरुस्तीनंतर स्वतःच्या बोटानं काच खाली घेताना त्यांचं तोंड कसं होतं, ते. मी दारापाशी उभी राहिले. "घ्या मिस्तरी. घ्या तुमची काच."

त्यांचं बोट बटणावर गेलं. दाबलं. काही झालं नाही.

परत दाबलं. काही नाही.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, काच चालली की हसतील म्हणून. ते दाबत राहिले. वर, खाली, वर. काच जागची हलत नव्हती आणि त्यांच्या तोंडावर त्याचं काही नव्हतं. ज्या माणसानं जन्मभर बटणं दाबून 'का चालत नाही' एवढंच विचारलं, त्याला बटण चालत नाही याचं काहीच वाटत नव्हतं. मला खरं कळलं ते तिथंच. वायर नंतर.

"फ्यूज गेला आसंल," दत्ता म्हणाला.

मी ड्रायव्हरच्या बाजूनं बटण उचललं. काच चालली. डाव्या बाजूनं नाही.

मी डाव्या दाराचं बटण सोडवून बाहेर काढलं. त्याला प्लस देणारी वायर मुळातच तुटलेली. टोक हिरवं पडलेलं, बोट लावलं तर हिरवी पूड सांडली. तांबं असं एका आठवड्यात होत नाही, एका पावसाळ्यातही नाही होत. वायरीपासून बटणापर्यंत कोळ्यानं जाळं विणलेलं, त्यात जुनं वाळकं चिलट. ते जाळं कधी हललं नव्हतं.

हे बटण आमच्या घरात आलं तेच बंद आलं होतं. मिस्तरींनी या बटणावर काच कधीच चालवली नव्हती. एकदाही नाही.

डावी काच एकाच ठिकाणाहून चालत होती. रश्मीच्या दारातून.

"काय झालं वहिनी?" दत्तानं विचारलं.

"काय न्हाई," मी म्हटलं. "जा तू, गिऱ्हाईक आलंय तुझं."

संध्याकाळची एसटी आली. रश्मी रस्ता ओलांडून आली. बाकड्यावर सुटं बटण पडलेलं होतं, त्याची हिरवी वायर वर तोंड करून. तिनं ते बघितलं आणि बॅग खाली ठेवली.

"तुला म्हटलं होतं, बाकी काही उघडू नको."

"कवापासनं?"

"पहिल्यापासून." ती बाकड्यावर बसली. "गाडी घेतली तेव्हाच ते बटण बंद होतं. म्हटलं आईला वेळ झाला की करून घेऊ. मग पहिल्याच दिवशी ती ट्रॉली आली. पप्पांचं बोट कुठं होतं मला ठाऊकसुद्धा नव्हतं. धूळ आली म्हणून मी माझ्या बटणानं काच घेतली. तू मागून ओरडलीस, रश्मे बघ. मी आरशात बघितलं, आई. तुझं तोंड बघितलं. काय सांगणार होते मी?"

मी बाकड्यावरचं बटण उचलून हातात घेतलं.

"मग तू मॅडमना सांगितलंस. मग दत्ताकाकांना, मग विहारात सगळ्या बायकांना. मग मला थांबताच येईना. त्यांचं बोट गेलं की मी दाबायचे. कधी माझं लक्ष रस्त्यावर असायचं, उशीर व्हायचा. तू म्हणायचीस, दमलेत."

"त्यांचं बोट धुळीलाच जायचं का?" मी विचारलं. "खरं सांग. धूळ आली तवाच जायचं का, एरवी बी?"

"मला नाही सांगता येणार. मी गाडी चालवत होते ना."

"आठव जरा."

"आई, नाही गं सांगता येणार." तिनं तोंडावर हात घेतला. कंपनीच्या गणवेशाच्या बाहीनं डोळे पुसले.

"अर्थ," मिस्तरी खुर्चीवरून म्हणाले.

आम्ही दोघींनी एकदम वळून बघितलं. ते रस्त्यावरून जाणाऱ्या कुत्र्याकडे बघत होते.

मी सोल्डरिंगची पेटी ओढली तसा रश्मीनं माझा हात धरला. "नको ना. राहू दे आहे तसं. मी दाबत जाईन. काय बिघडतंय? मॅडम शिकवतायत, तू खूश असतेस. एवढं तरी राहू दे."

मोह झाला, नाही कशाला म्हणू? बटण परत बसवलं असतं, पॅड लावलं असतं, आणि गुरुवारी मागच्या सीटवर बसून म्हटलं असतं, बघ गं रश्मे. पण आता मला ठाऊक होतं. मी काचेकडे बघितलं नसतं, तिच्या उजव्या खांद्याकडे बघितलं असतं, हलतो का म्हणून. आणि शिवाय, जीव चिवट असतो माणसाचा. मनात येत होतं, बोट तर त्यांचंच जात होतं ना? धुळीलाच जात असेल तर? बटण बंद होतं, त्यात त्यांचा काय दोष? वायर जोडून दिली तर कळेल. ज्याला कुणी रस्ताच दिला नाही, तो पोचला नाही असं कसं म्हणायचं?

मी हिरवं टोक कापलं, चांगलं तांबं लागेपर्यंत मागे गेले, नवी वायर जोडली.

गुरुवारी निघालो. मी रश्मीला बजावलं, "तुझ्या बटणाला हात लावायचा न्हाई. काय बी झालं तरी." तिनं दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले, शिकाऊ पोरीसारखे. दत्ता दारात उभा होता. त्याला काही सांगितलं नव्हतं. "मिस्तरी, वाटंत पंक्चर झालं तर आर्थिंग तपासा!" म्हणून त्यानं हात हलवला. काच अर्धी खाली होती.

पुलापर्यंत काही नाही. मिस्तरींचा हात मांडीवर. मी खांदा धरून बसले होते. पूल आला, नदीत पाणी थोडं, पलीकडे उसाचे फड आणि पुढे ट्रॉली. धुळीचा लोट उठला. हात उचलला गेला. बोट बटणावर गेलं. रश्मीनं श्वास घेतलेला मला ऐकू आला.

काच वर गेली. चार बोटं वर गेली. मग खाली आली, सगळी, दाराच्या आत गेली, आणि सगळी धूळ आमच्या अंगावर आली.

मग वर. मग खाली. ट्रॉली मागे पडली, रस्ता मोकळा, हवा स्वच्छ, तर काच वर, पूर्ण बंद. मग खाली. मग गुऱ्हाळ आलं, काळा धूर रस्त्यावर लोळत होता, काच खालीच. धुरात वर केली, परत खाली. मोटर कण्हायला लागली. मी चौफुल्यापर्यंत बघत होते. टेस्ट लॅम्प घेऊन वायरीच्या एकेका वळणावर बघावं तसं बघितलं मी. धूळ आली तेव्हा काय केलं, धूळ गेली तेव्हा काय केलं. यात काही धरून असेल तर ते मला दिसल्याशिवाय राहिलं नसतं, आयुष्य गेलंय माझं त्यात. नाही मिळाला. कुठंच अर्थ नाही मिळाला.

"आई," रश्मी हळूच म्हणाली. तिच्या केसांवर धूळ बसली होती. "माझ्या दारात लॉक आहे. त्यांचं बटण बंद करता येतं. करू?"

आरशात ती मला दिसत होती आणि मी तिला.

"नको."

"मोटर जळेल."

"जळली तर मी हाय ना. दुसरी बसवीन."

"सगळी धूळ आत येतेय."

"येऊ दे," मी म्हटलं. "आज पयल्यांदा त्यांचं बटण चालतंय."

तिनं ओढणी नाकावर बांधली, मी पदर घेतला. मिस्तरींना बांधायला काही नव्हतं, आणि बांधलं तर ते काढतात. पाटस गेलं. काच वर, काच खाली. ते मन लावून करत होते, एवढं खरं. जुन्या दिवसांत एखादा हॉर्न लागला की नाही ते बघायला परत परत दाबायचे, तसं.

दौंडला दवाखान्यासमोर रश्मीनं चावी काढली. काच अर्ध्यात थांबली. ते दाबत राहिले. मी दार उघडलं आणि त्यांचं बोट बटणावरून उचलून माझ्या हातात घेतलं.

मॅडम दारातच होत्या. टेबलावर चित्रांचे पत्ते मांडून तयार. आमचे अवतार बघून हसल्या. "अरे बापरे, काकू! आज काच घेतली नाही का काकांनी?"

"घेतली की," मी म्हटलं. "वर बी घेतली. खाली बी घेतली. वाट्टंल तशी."

रश्मी बाहेरच थांबली होती. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी गाईचं चित्र हातात घेतलं होतं, ते बाकीच्या पत्त्यांवर पालथं ठेवलं. मग स्टूल ओढून मिस्तरींच्या उजव्या बाजूला बसल्या आणि त्यांचा मेलेला हात मांडीवर घेऊन एकेक बोट सरळ करायला लागल्या.

"दुखतंय का काका?"

"अर्थ," मिस्तरी म्हणाले.

मी पदराचं टोक ओलं करून त्यांच्या कानातली धूळ काढत होते.